कोमल नी कुठंय?

माझ्या हवाईयन गिटारला हॉस्टेलमध्ये सगळे 'इस्त्री' म्हणतात. गॅदरिंगसाठी रूम पार्टनरने ए मध्ये ब्लूज बसवला, मधला सोलो मला. ब्लूज म्हणजे ए, डी, ई, तिन्ही सेव्हन्थ कॉर्ड. माझ्या तारा बारीक बाजूने ई, सी शार्प, ए, ई, ए, ई. वर स्टीलचा सरळ दांडा, त्यामुळे कुठल्याही फ्रेटवर सा, ग, प एवढंच! कोमल नी हवा तर पहिल्या तारेवर ३ फ्रेट पुढे पळा, तोवर ग मागे राहतो. प्रॅक्टिसला दोनदा आपटलो. पार्टनर म्हणाला, "जाऊ दे बे, सोलो कीबोर्डला देतो." त्या रात्री व्हायव्हाच्या आधीसारखा जागलो.

पेडल स्टील गिटारचं ई नाइन्थ ट्यूनिंग चाळत होतो. १० तारा, त्यात नववी डी. म्हणजे ई चा कोमल नी कायमचा मुक्कामाला! पेडल माझ्याकडे कुठले, पण खुंट्या तर आहेत. तिसरी तार ए वरून जी वर उतरवली. मोकळ्या तारांवर ए सेव्हन्थ, ५व्या फ्रेटवर डी, ७व्यावर ई. साधा मेजर हवा तर तिसरी तार छेडायची नाही. एवढं बोटांना शिकवायला मात्र आठवडा गेला.

सोलो परत मिळाला. कीबोर्डवाला अजून माझ्याशी बोलत नाही.