पाऊण तोळा दोरी

बँकेतल्या माणसाला माश्या मारायचं वेगळं शिक्षण लागत नाही, असा लोकांचा समज आहे. तेव्हा माशीनं मासे धरायची काठी घ्यायचं मी मनावर घेतलं, यात नवल ते काय? एप्रिलात एल.टी.सी.वर कुलू जिल्ह्यात जायचंय. तिथल्या तीर्थन नदीत इंग्रजांनी आणून सोडलेला ट्राउट मासा आहे. (नदीच्या नावावरून हिला ते तीर्थक्षेत्र वाटलं आणि बेत एकमतानं मंजूर झाला.)

ही माशी म्हणजे गळाला पिसं अन् दोरा गुंडाळून केलेली तोतया माशी. तिला वजन असं नसतंच. आपल्याकडे खाडीवर शिसं बांधून गळ भिरकावतात, तसं इथं जमत नाही. इथं फेकायची ती दोरी. माशी आपली तिच्यामागून जाते, साहेबामागून शिपाई जावा तशी. म्हणूनच काठीवर जो नंबर असतो तो काठीच्या वजनाचा नव्हे, तिला पेलणाऱ्या दोरीच्या वजनाचा! हे कळायला मला तीन रात्री लागल्या, आणि मी बी.कॉम. आहे.

शिवाय काठीला स्वभाव असतो. काही काठ्या फक्त शेंड्याशी वाकतात, युनियनपुढे आमचे मॅनेजर वाकतात तेवढ्याच. काही थेट मुठीपर्यंत वाकतात. असे एक हेडकॅशियर मी पाहिले आहेत. नवशिक्यानं मधली घ्यावी, कार्बनची, नऊ फुटी, पाच नंबर. पूर्वी या काठ्या बांबूच्या सहा चिपा चिकटवून करत, आणि एकोणिसाव्या शतकात तो बांबू 'कलकत्ता केन' नावानं आपल्याच देशातून जाई, हे मी हिला मुद्दाम ऐकवलं. उपयोग झाला नाही.

"पाच नंबर म्हणजे किती?" तिनं विचारलं.

"दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन. म्हणजे साधारण नऊ ग्रॅम."

"पाऊण तोळा," ती क्षणात म्हणाली आणि गप्प बसली.

हे गप्प बसणं मला ओळखीचं आहे. ठरलेल्या पाटल्या फ्लॅटच्या हप्त्यांत विरघळल्यापासून आमच्या घरात 'तोळा' हा शब्द जपून वापरतात.

"नऊ फूट ठेवणार कुठे?" बऱ्याच वेळानं प्रश्न आला.

"चार तुकडे होतात. सव्वादोन फुटांचा एकेक."

"म्हणजे ट्रंकेत बसेल." मग जरा थांबून, "पुऱ्या तोळ्याची कितवी?"

"सात नंबरची. तोळ्याहून दोन-तीन गुंजा जास्तच भरेल. पण ती दांडग्या माशांसाठी."

"नको. पाऊणच बरी," असं म्हणून तिनं डाळीच्या डब्यातून भिशीचे पैसे काढले आणि मोजून माझ्यापुढे ठेवले.

मी सवयीनं पुन्हा मोजले.