हेमंताची शिदोरी

मार्गशीर्ष लागला की देशावरच्या आणि खानदेशातल्या घरांचा वास बदलतो. पोळीच्या जोडीला बाजरीची भाकरी ताटात येते; कढईत तुपावर डिंक फुलू लागतो; खलबत्त्यात खारीक कुटल्याचा ठोका दुपारच्या शांततेत दूरवर ऐकू येतो. बाजारात ओली हळद, आवळे, मेथीच्या जुड्या आणि हरभऱ्याचे घाटे दिसू लागतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, वाटाणा, गाजर, वांगे, पावटा आणि सोलाणे एकत्र शिजवून त्यांत तिळाचे कूट घातले जाते. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण ज्या घरात उच्चारली जाते, त्या घराने कोणताही वैद्यकग्रंथ उघडलेला नसतो. तथापि त्या म्हणीच्या मागे एक दीर्घ परंपरा उभी असते आणि तिच्यात आरोग्याविषयीचा एक सुसंगत विचार अनुस्यूत असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. हेमंताविषयी तेथे मांडलेला विचार मार्मिक आहे. बाहेरच्या थंडीमुळे देहातील उष्मा आत कोंडला जातो आणि जठराग्नी प्रबळ होतो. जड अन्नही तो सहज पचवतो. मात्र त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो देहातील रसच शोषू लागतो. म्हणून या ऋतूत स्निग्ध आणि मधुर अन्न घ्यावे, अंगाला तेल लावावे, ऊन घ्यावे, ऊबदार जागी राहावे, असे ग्रंथकार सांगतात. वर्षा, शरद आणि हेमंत हा त्यांच्या मते विसर्गकाळ. या काळात प्राणिमात्रांचे बल उत्तरोत्तर वाढत जाते. हिवाळा म्हणजे पुढच्या रखरखीत महिन्यांसाठी बांधून ठेवायची शिदोरी, ही कल्पना येथूनच घराघरांत पाझरली असावी. दिवाळीचे अभ्यंग आणि संक्रांतीचा तिळगूळ ही त्या शिदोरीची दोन टोके होत.

आज ज्याला ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हटले जाते, त्याला चरकाने योजलेला शब्द ‘व्याधिक्षमत्व’ हा आहे. दोन्ही शब्दांचा रोख एकाच शक्तीकडे असला, तरी त्यांचा भाव भिन्न आहे. ‘प्रतिकार’ या शब्दात शत्रू, तटबंदी आणि शस्त्रे गृहीत धरलेली असतात. साहजिकच ती शक्ती जितकी वाढेल तितकी बरी, असे त्या शब्दाच्या योगाने वाटू लागते. ‘क्षमत्व’ या शब्दात सहन करण्याचा, पेलण्याचा आणि सावरण्याचा अर्थ आहे. आधुनिक शरीरशास्त्राचा निर्वाळा या दुसऱ्या भावाला अधिक जवळचा आहे. देहाचे संरक्षण अनेक पेशींच्या आणि रसायनांच्या समतोलावर चालते. तो समतोल ढळून संरक्षक शक्ती अनावर झाली, तर ती स्वतःच्याच संधींवर वा त्वचेवर उलटते. संधिवाताचे काही प्रकार याच उलटण्यातून उद्भवतात. म्हणजे ही शक्ती अमर्याद वाढवण्याची वस्तू नव्हे; ती नीट राखण्याची वस्तू आहे.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, ते करोनाच्या साथीत दिसून आले. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने हळदीचे दूध, च्यवनप्राश आणि तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ यांच्या काढ्याची शिफारस केली. ही सारी घरोघरची, परिचित द्रव्ये होती. पण भयाने माणसाचे प्रमाणाचे भान सुटते. कित्येक घरांत दिवसातून अनेकदा काढे उकळले जाऊ लागले. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला आणि वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हे समीकरण परंपरेनेही कधी मानलेले नव्हते. शार्ङ्गधरसंहितेत कार्तिकाचे अखेरचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना ‘यमदंष्ट्रा’ असे भीषण नाव दिले आहे आणि त्या दिवसांत मोजके खाणारा तरतो, असे बजावले आहे. पौष्टिकाच्या उंबरठ्यावरच मिताहाराचा पहारा बसवणारी ही दृष्टी आजच्या जाहिरातींना मानवणारी नाही.

घरगुती श्रद्धा आणि प्रयोगशाळेतील पडताळा यांची गाठ कोठे पडते, हे पाहणे उद्बोधक ठरते. आवळ्याचेच उदाहरण घ्यावे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण्याची प्रथा आहे, मोरावळ्याच्या बरण्या भरून ठेवल्या जातात आणि च्यवनप्राशाचा तर तो मूलाधारच आहे. आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असते. लायनस पॉलिंग या नोबेल पारितोषिक विजेत्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये पुस्तक लिहून या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी सर्दी टळते, असा दावा केला. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांतून असे दिसले की, सर्वसामान्य माणसाला नियमित मात्रा घेऊनही सर्दी व्हायची तेव्हा होतेच. तिचा मुक्काम तेवढा किंचित कमी होतो. या निष्कर्षाला एक अपवाद मात्र आढळला. लांब पल्ल्याचे धावपटू, बर्फावर घसरत जाणारे खेळाडू आणि कडक थंडीत सराव करणारे सैनिक, अशा तीव्र शारीरिक श्रम करणाऱ्यांमध्ये या जीवनसत्त्वाने सर्दीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले.

झोपेविषयीचा पुरावा याहून बोलका आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक आढळली. हिवाळ्याची रात्र मोठी असते. देहाला हे औषध निसर्ग फुकट देऊ करतो.

परंतु या दोन निष्कर्षांचा हात धरून घराबाहेर पाऊल टाकले की एक अस्वस्थ करणारे दृश्य समोर येते. हेमंतात, उघड्यावर, कष्टाचे काम कोण करते? दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या कोरडवाहू प्रदेशांतून लाखो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत त्यांचा हिवाळा सरतो. पहाटेच्या दवाने भिजलेल्या उसात कोयता चालतो; रात्री-बेरात्री गाडी आली की मोळ्या भरण्यासाठी उठावे लागते. ज्या देहांना आवळ्याचा आणि झोपेचा उपयोग सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला या दोन्ही गोष्टी कमीत कमी येतात. ज्या ऋतूत इतरांच्या घरी बलाचा संचय होतो, त्याच ऋतूत त्यांच्या बलाचा व्यय होत असतो.

हे अंतर घराच्या आतही असते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीला आवर्जून दिले जातात. त्यामागील आपुलकी खरीच आहे. पण ती स्त्री बाळंतीण असते ते थोडे आठवडे. एरवीच्या हिवाळ्यात लाडू वळणारे हात तिचेच, पहाटे थंड पाण्यात बुडणारेही तिचेच. आणि सर्वांची पाने उठल्यावर उरलेली भाकरी तिच्या वाट्याची. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाजरी, तीळ आणि अळीव यांच्या लोहाचे गुण ज्या समाजाने शतकानुशतके जाणले, त्याच समाजातील ही गणती आहे. ज्ञान होते; पंगतीतील क्रम आड आला.

इतिहासाने याचा दाखला फार कठोरपणे दिलेला आहे. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबईवर इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट कोसळली. विषाणू एकच होता, हवा एकच होती. तरीही शहरातील तथाकथित खालच्या जातींमधील हिंदूंचा मृत्युदर हजारी साठाच्या वर गेला आणि युरोपियनांचा हजारी दहाच्या आत राहिला. हा फरक रक्ताचा नव्हता. तो अन्नाचा, दाटीवाटीने राहण्याचा आणि शुश्रूषेला कोणी असण्या-नसण्याचा होता. चरकाने व्याधी सहन न करू शकणाऱ्या देहांची यादी दिली आहे, तिच्यात अतिस्थूल आणि अतिकृश यांच्याबरोबर अल्प आहार घेणाराही आहे. त्याचा आहार अल्प का, हा प्रश्न त्या ग्रंथाने विचारलेला नाही. तो विचारणे नंतरच्या काळाचे काम होते आणि ते अद्याप संपलेले नाही.

म्हणून ऋतुचर्येचा वारसा त्याज्य ठरत नाही. ताजी भाजी, भरड धान्य, तिळाचा स्नेह, दुपारचे ऊन, पुरेशी झोप आणि मिताहार ही तिची शिकवण आजच्या ज्ञानाच्या कसोटीवरही बव्हंशी टिकते. लस किंवा औषध यांची जागा मात्र ती घेत नाही आणि तिने तसा हट्टही धरू नये. प्रश्न तिच्या सत्यतेपेक्षा तिच्या वाटपाचा अधिक आहे.

संक्रांतीच्या प्रथेत याचे उत्तर अर्धे का होईना दडलेले आहे. तीळ आणि गूळ हे हिवाळ्याचे उत्तम अन्न. पण प्रथेप्रमाणे ते नुसते खायचे नसते, दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे असते. ओळखीच्या उंबरठ्यांपाशी तो हात थांबतो, हे त्या प्रथेचे अपुरेपण. गावाबाहेरच्या माळावर, उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीसमोर शेकोटी पेटलेली असते. तेथेही पौषच असतो आणि तेथील मुलांच्या अंगावरही थंडीने तोच काटा उभा राहिलेला असतो.