अण्णांची बंदूक रबाळ्याला येते

"आमच्या घरी बंदूक होती" असं सांगितलं की लोक दोन प्रकारे बघतात. काहींना वाटतं, हा कुणीतरी इनामदार घराण्यातला असावा. बाकीचे खुर्ची जरा लांब सरकवतात. आम्ही दोन्हींतले नाही. रबाळे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर राहणारं साधं कुटुंब.

परवा माळा आवरताना त्या बंदुकीची रिकामी कॅनव्हासची पिशवी खाली पडली. लेकीने विचारलं, "बाबा, आजोबांची बंदूक आपण गावाहून इथे आणली कशी? पोलिसांनी धरलं नाही?" तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं खरं, पण पूर्ण गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी असं तेव्हापासून वाटतंय. म्हणून हा खटाटोप. (आत्या, तू वाचशीलच. तपशील चुकला तर फोन कर, पण रात्री दहाच्या आत.)

अण्णा म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९८८ साली निवृत्त होऊन खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. शेत जंगलाला लागून. भात पोटरीला आलं की रानडुकरं हजर. पुढच्याच वर्षी त्यांनी परवाना काढला आणि एकनळी बारा बोअर घेतली. तिने डुक्कर एकही मारलं नाही, अण्णांना ते करायचंही नव्हतं. रात्री बांधावर जाऊन हवेत एक बार काढायचा, बस. पण रविवारी सकाळी अंगणात घोंगडं अंथरून तिचे तीन तुकडे करायचे, नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, हे मात्र चुकलं नाही. आई म्हणायची, "एवढं कधी माझ्या गुडघ्याला चोळलं नाहीत."

२०२२ च्या पावसाळ्यात आई गेली. अण्णा ७७ वर्षांचे, एकटे, गुडघे गेलेले आणि थोडा थोडा विसर पडायला लागलेला. मी म्हटलं, आता रबाळ्याला चला. तर म्हणाले, "येतो की. बंदूक कशी न्यायची ते बघ आधी."

मला वाटलं, त्यात काय बघायचं? एखाद्या शनिवारी जायचं, डिकीत टाकायची, आणायची. अण्णांना मागाहून रेल्वेने आणू, त्यांच्या पाठीला गाडीचा प्रवास सोसणार नाही. हा बेत मी सहज एका वकील मित्राला सांगितला. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तू एकटा आणणार? परवाना तुझा आहे का?"

मग त्याने माझी शिकवणी घेतली. शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. परवाना नुसत्या बंदुकीला मिळत नाही, माणसाला मिळतो. त्या माणसाने ती किती हद्दीत न्यायची, जिल्ह्यात, राज्यात की देशभर, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. काडतुसं एका वेळी किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची तेही. अण्णांच्या परवान्यावर हद्दीच्या रकान्यात संपूर्ण भारत होतं, ही आमची पुण्याई. नुसतं कर्नाटक असतं तर आधी हद्द वाढवून घ्या, मगच दूधगंगेचा पूल ओलांडा.

"पण मी मुलगा आहे त्यांचा," मी म्हटलं.

"कायद्याला मुलगाबिलगा कळत नाही," तो म्हणाला. मग त्याने तिसऱ्या कलमातली एक सवलत काढून दाखवली. स्वतःचा परवाना नसलेला माणूस दुसऱ्याची बंदूक नेऊ शकतो, पण परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारावर. आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. "पत्रावर चालेलही कदाचित. पण रात्री दोन वाजता नाक्यावर उभा राहून कलमं समजावून सांगणार आहेस का? त्यापेक्षा अण्णांनाच शेजारी बसव."

म्हणजे बंदूक आणायची तर अण्णा गाडीत हवेत. आणि अण्णांना आणायचं तर बंदूक गाडीत हवी. दोघांनी मिळून मला बरोबर कात्रीत धरलं होतं.

हे सगळं फोनवर ऐकून न्यू जर्सीतला माझा भाचा हसायला लागला. त्यांच्याकडे म्हणे १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाडीने बंदूक न्यायची तर ती रिकामी हवी, बंदूक आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलुपाच्या पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्सला पेटी म्हणायचं नाही. निघतो तिथे आणि पोचतो तिथेही ती बाळगणं कायदेशीर असलं पाहिजे, मग मधल्या राज्याचा नियम कडक असला तरी पार होता येतं. मला गंमत वाटली. तिकडचा नियम आधी विचारतो, बंदूक गाडीत कुठे ठेवली आहे? आपला नियम आधी विचारतो, माणूस कुठे आहे? (तिकडे जायची तरी काय गरज? आमच्याच कर्नाटकात कोडगूच्या लोकांना ब्रिटिशांच्या काळापासून परवान्याची माफी आहे. २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. अण्णा म्हणायचे, "कूर्गात जन्मलो असतो तर एवढे कागद लागले नसते बघ.")

डिसेंबर २०२२ मध्ये जायचं ठरलं, तर सीमाप्रश्न पेटला. हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, कोगनोळीला मोठा बंदोबस्त लागला. एमएच ४३ पाटीची गाडी आणि डिकीत बंदूक! बायको म्हणाली, "जाऊ नका." अण्णांचं म्हणणं, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन होऊन जाऊ दे, मग ये. पण फार उशीरही नको, कारण मे महिन्यापर्यंत कर्नाटकात निवडणूक होती आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं.

२१ जानेवारी २०२३, शनिवार. पहाटे साडेपाचला निघालो. तीन तुकडे पिशवीत, पिशवी कुलूप लावलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक डिकीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. परवाना अण्णांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, त्याच्या दोन झेरॉक्स माझ्याकडे. शिवाय वकिलाच्या सांगण्यावरून अण्णांच्या सहीचं पत्र. घराला कुलूप लावताना अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. परवाना आहे ना ते मात्र खिशावर हात ठेवून तीनदा चाचपलं.

संकेश्वरच्या अलीकडे एका ठिकाणी गाड्या तपासत होते. काच खाली केली. मी मराठीत सुरुवात करणार तोच अण्णांनी कन्नडमध्ये सगळा पाढा वाचला. नाव, पलटण, परवाना, बंदूक, मुलगा, सून, गुडघे. हवालदाराने परवाना उलटसुलट बघितला, ट्रंक उघडायला लावली, नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला. मग माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "ड्रायव्हर." आणि मग मला मराठीत, "तुला काय विचारूलाय त्यो, मी हाय न्हवं हितं."

खरंच होतं ते. पन्नाशीला आलेला मी, गाडी माझी, पेट्रोल माझं. पण त्या दिवशी माझ्या असण्याला कायद्याने जी काही किंमत होती ती शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यामुळे.

दूधगंगा ओलांडून कागलला आलो. कोल्हापुरात नाश्त्याला थांबलो तेव्हा नवीनच पेच. बंदूक गाडीत टाकून दोघांनी हॉटेलात जायचं नाही, असा अण्णांचा हुकूम. मग मी मिसळ गाडीत आणून दिली. त्यांनी मांडीवर टॉवेल पसरून खाल्ली. नंतर ते लघुशंकेला गेले, गुडघ्यांमुळे चांगली सात-आठ मिनिटं. तेवढा वेळ मी खिशातलं पत्र घट्ट धरून बसलो होतो. उपस्थिती म्हणजे नेमकी किती फुटांपर्यंत, हे विचारायचं राहून गेलं होतं.

कराड गेलं आणि अण्णा बोलले. समोर बघत, जणू पावसापाण्याचं बोलावं तसं. "सत्तरी झाली की, नाहीतर पंचवीस वर्षं बंदूक बाळगली की, जिवंतपणीच पोराच्या नावावर करता येते म्हणे. माझं दोन्ही झालंय. तू घेतोस काय?"

ते बरोबर सांगत होते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. अर्ज वारसाने करायचा, परवाना त्याच्या पात्रतेप्रमाणे मिळणार. अण्णांनी ही चौकशी कधी, कुणाकडे केली असेल? मी म्हटलं, "बघू." ते "हं" म्हणाले. सातारा आलं, खंबाटकीचा बोगदा आला, पुण्याच्या बाहेरची कोंडी आली, एक्स्प्रेस-वे आला. तो विषय परत निघाला नाही. रात्री आठला रबाळ्यात पोचलो.

पुढची कागदपत्रं रीतसर केली. राहण्याची जागा तीस दिवसांहून जास्त बदलली आणि बंदूक बरोबर नेली तर नव्या आणि जुन्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना तीस दिवसांत कळवायचं असतं. आमच्याकडचे अधिकारी म्हणजे नवी मुंबईचे पोलीस आयुक्त. बेलापूरला अर्ज दिला, बेळगावला रजिस्टर पोस्टाने पाठवला, रबाळे ठाण्यात नोंद केली. भिंतीत बोल्ट मारलेलं लोखंडी कपाट घेतलं. काडतुसं वेगळ्या खणात. किल्ली अण्णांकडे.

आणि खरा प्रश्न तिथे होता. रबाळ्यात रानडुक्कर कुठून येणार? कबुतरं आणि उंदीर. घरात नऊ वर्षांची मुलगी. अण्णांचा विसर वाढत चाललेला. एकदा कपाटाची किल्ली दोन दिवस सापडेना. बायको काही बोलली नाही, पण ते दोन दिवस लेकीला घेऊन हॉलमध्ये झोपली. शेवटी किल्ली सापडली ती अण्णांच्या चष्म्याच्या घरात. कायद्याने किल्ली त्यांच्याकडे हवी, शहाणपणाने माझ्याकडे. मी रात्रभर विचार करत होतो की हे त्यांना कसं सांगायचं. ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्याच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची?

सकाळी तेच म्हणाले, "काडतुसं दुकानात परत दे. मी येतो बरोबर." परवाना असलेल्या विक्रेत्याकडे आम्ही दोघं गेलो आणि काडतुसं जमा करून आलो. रिकामी बंदूक तेवढी राहिली. रविवारी ते बाल्कनीत घोंगडं टाकून तिला तेल लावत. समोर पारसिकचा डोंगर. लेक शेजारी बसून चिंधी धरायची. बायकोही मग हॉलमधून परत खोलीत झोपायला गेली.

२०२४ च्या लोकसभेला नोटीस आली. अण्णा स्वतः येऊन रबाळे ठाण्यात बंदूक जमा करून, पावती घेऊन आले. आमचं मतदान २० मेला झालं. २८ मेला पहाटे अण्णा झोपेतच गेले. बंदूक परत घरी आली नाही.

परवानाधारक गेला की परवाना संपतो. वारसाला दोन वाटा. स्वतःच्या नावाने परवाना मागायचा, नाहीतर कायद्याने बाळगू शकणाऱ्या कुणाला तरी ती द्यायची. तीन महिने मी रोज ठरवत होतो आणि रोज मोडत होतो. नातेवाइकांचे दोन तट पडले होते. धाकट्या काकांचं मत, अण्णांची एवढी एकच निशाणी आहे, ठेव. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका काका, पण मी नाही ठेवली. एका विक्रेत्याला दिली.

कारण एवढंच की ती बंदूक माझी कधी नव्हतीच. त्या पाचशे किलोमीटरांत ती माझ्या गाडीत होती, पण मी तिच्याजवळ होतो तो अण्णा होते म्हणून. त्यांच्याशिवाय तिला घरात ठेवणं मला जमलं नसतं. पण एक गोष्ट लागून राहिली आहे. कराडच्या पुढे त्यांनी विचारलं तेव्हा मी "नको" म्हणायला हवं होतं. "बघू" म्हणालो. ते शेवटपर्यंत वाट बघत होते का, मला माहीत नाही. किल्लीच्या वेळी त्यांनी माझं अवघड काम स्वतःहून करून टाकलं. मला त्यांचं एवढंही सोपं करता आलं नाही.

असो. पिशवी धुऊन वाळत घातली आहे. लेक म्हणते, तिला ती क्लासला न्यायला हवी. तेलाचा वास काही जात नाही.