चाकावरचे बिऱ्हाड : राजूर ते शहागड

जत्रेला जाताना बिऱ्हाड बरोबर न्यायचे, ही आपल्या मराठवाड्याची जुनी रीत. बैलगाडीला तट्ट्या बांधायचा, खाली कडबा, त्यावर गोधडी, मागे पाण्याची घागर आणि भाकरीचे गाठोडे. देवाच्या दारी बैल सोडले की गाडीच्या सावलीला चूल पेटायची. बैलगाड्या कमी झाल्या, रीत मात्र राहिली. आता तिथे छोटी व्हॅन दिसते. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे ती ओम्नी या नावाने गावोगाव पोचली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. २०१० पासून तिची जागा ईकोने घेतली. मागच्या बाकावर फळी टाकून, पडदे लावून दोन रात्री काढणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यातही आहेत.

परदेशात ही हौस जुनी आहे. जर्मनीत १९५० नंतर छोट्या व्हॅनमध्ये पलंग आणि स्टोव्ह बसवून विकू लागले. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण धोरण असो वा हौस, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : गाडी चालते तेव्हा ती वाहन असते, थांबते तेव्हा घर. या दोन्हींची गल्लत झाली की अडचण उभी राहते. आपल्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या वाटेनेच हे पाहू. जत्रा वेगवेगळ्या महिन्यांतल्या असल्या तरी वाट तीच आहे.

जालना : निघण्याआधी

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे, लोखंड आणि मोसंबी यांसाठी नाव असलेल्या या गावात गाडीचा बहुतेक सुटा भाग मिळतो. म्हणून तपासणी इथेच उरकावी. टायरमधली हवा गार टायरवर, दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. स्टेपनीची हवाही पाहावी; नेमकी तीच विसरते. सरकते दार अडत असेल तर दोष बहुधा खालच्या पट्टीत साचलेल्या मातीचा असतो. आधी ब्रशने माती काढावी, मग बोटभर ग्रीस लावावे. मातीवरच तेल ओतले तर त्याचा चिखल होतो.

काचांच्या रबरातून पाणी गळते का, हे पाहायला पावसाची वाट कशाला बघायची? एकाने आत बसावे, दुसऱ्याने वरून तांब्याने पाणी सोडावे. ओल दिसेल तिथे रबर बदलावे.

बिछान्याची फळी काढता-घालता येईल अशीच करावी. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. शिवाय चालत्या गाडीत कोणीही फळीवर आडवे होऊ नये. सर्वांनी सीटवर, पट्टा लावून बसावे. मालवाहू पिकअपमध्ये माणसे भरून देवदर्शनाला निघणे तर कायद्याला धरून नाहीच; अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते.

राजूर : तापलेले इंजिन

जालन्याहून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर राजूरचा गणपती. अंगारकीला इथे गाड्यांची रांग लागते. ओम्नी आणि ईको या दोन्हींचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. गाडी मुंगीच्या पावलाने चालली की रेडिएटरला वारा लागत नाही, सीट तापते आणि काटा वर चढतो. अशा वेळी एसी बंद करावा, गाडी कडेला घेऊन इंजिन थांबवावे आणि अर्धा तास तरी दम धरावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये; उकळते पाणी तोंडावर उडते.

पाणी घालायचे तेही बोअरचे नको. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार आत बसतात. कूलंट, नाहीतर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी जवळ बाळगावे. कापूस वेचणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ अडकते. इंजिन गार झाल्यावर मऊ ब्रशने ती झाडावी.

अंबड : रात्रीचा मुक्काम

जालन्याच्या दक्षिणेला अंबड. तिथल्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे स्थान आहे. नवरात्रात इथे मुक्काम पडतो आणि इथूनच व्हॅनचे घर होते.

पहिला प्रश्न विजेचा. व्हॅनची बॅटरी समजा ३५ ॲम्पिअर-तासाची आहे. वीस वॅटचा पंखा आठ तास फिरला तर तेराच्या वर ॲम्पिअर-तास खर्च होतात. त्यात दिवा आणि दोन मोबाइल धरले की सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरतो. यावर उपाय आपल्या घरातच आहे. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढून, स्वच्छ पुसून बरोबर घ्यावी. पंप मात्र घरीच ठेवावा. औषधाचा अंश असलेली वस्तू झोपायच्या जागी नको. ती बॅटरी ८ ॲम्पिअर-तासाची असली तरी पाच वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालतो.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे म्हणजे मरण ओढवून घेणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; झोपलेले माणूस जागे होत नाही. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचे कापड लावावे. पहाटे काचांवर जमणारे दवही त्याने कमी होते.

स्वयंपाक गाडीच्या बाहेरच करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खिडकीतून न जाता तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. छोटे सिलिंडर उभे ठेवावे व झोपण्यापूर्वी बाहेर काढावे. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणे बेकायदा आणि घातक आहे. सीएनजीची टाकी असेल तर तिची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये.

जांब समर्थ : काळी माती

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. रामनवमीला इथे उत्सव असतो. चैत्रात अवकाळीची एक सर आली तरी काळी माती चाक धरते. ही व्हॅन मागच्या चाकांच्या जोरावर चालते. चाक जागीच फिरू लागले की जोर देऊ नये. जितका जोर द्यावा तितका खड्डा खोल होतो. माणसे उतरवावीत, चाकापुढची माती उकरावी, खाली पऱ्हाट्या किंवा गोणपाट घालावे आणि पहिल्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडावा. खरा उपाय आधीचा आहे : मुक्कामाची गाडी मुरमावर लावावी, रानात नाही.

शहागड : नदी आणि महामार्ग

शहागडला गोदावरी भेटते आणि सोलापूर-धुळे महामार्गही. पात्रातली मोकळी वाळू पाहून तिथेच गाडी लावावीशी वाटते. पण वर पैठणला जायकवाडी धरण आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडले की इथे आभाळ कोरडे असतानाही नदी फुगते. मुक्काम गावात किंवा धर्मशाळेच्या आवारात करावा.

महामार्गाच्या कडेला झोपणे त्याहून वाईट. दिवाळीनंतर याच वाटांनी आपल्या भागातली ऊसतोड कुटुंबे संसार घेऊन कारखान्यांकडे जातात. त्यांचे चाकावरचे बिऱ्हाड हौसेचे नसते, पोटासाठी असते. अंधारात दिवा नसलेली टायरगाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही, तीच गत बंद पडलेल्या व्हॅनची होते. मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. गाडी बंद पडली तर चारी दिवे लुकलुकते ठेवून लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे.

ओझ्याचाही विचार हवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. तो ड्रम टपावर चढवला तर वळणावर आणि वाऱ्यात गाडी कलते. वीस लिटरचे दोन कॅन तळाशी, घट्ट बांधून न्यावेत. पाणी वाटेत मिळते. समृद्धी महामार्गावर चढण्यापूर्वी टपावरचे सामान उतरवावे आणि टायर जुने असतील तर तो रस्ता टाळावा. उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, सलग वेगात झिजलेला टायर फुटायला वेळ लागत नाही.

निघताना एका पिशवीत टॉर्च, पाना, जॅक, फ्यूज, टोचन, गोणपाट आणि पाण्याची बाटली ठेवावी. ती पिशवी बिछान्याखाली न दडपता दारापाशी ठेवावी, म्हणजे अंधारात हाताला लागते.