बाली, थायलंड की नेवासा?

योगा टीचर व्हायचंय? मग आधी पासपोर्ट काढा! निदान आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधला सध्याचा फंडा तरी हाच आहे. बालीतल्या भातशेतीच्या मधोमध बांबूचा हॉल, नाहीतर थायलंडच्या समुद्रकाठी लाकडी डेक. महिन्याभराचा कोर्स, हातात सर्टिफिकेट, आणि परत आल्यावर लॅपटॉपला कायमचा रामराम!

माझीही अशा तीन शाळांशी बोलणी चालू होती. मामला साधा नव्हता. दोन वर्षांचं सेव्हिंग आणि साठवलेली सगळी रजा, दोन्ही एका फटक्यात संपणार होतं. तिन्ही शाळांच्या माहितीपत्रकांत फोटो झकास होते. स्विमिंग पूल, नारळपाणी, सूर्यास्ताच्या वेळचं वृक्षासन. शिकवणार कोण, हे मात्र शोधून काढावं लागत होतं.

त्यात माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव समोर होता. ती परदेशातून असाच कोर्स करून आली आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची बॅच सुरू केली. दुसऱ्याच आठवड्यात स्लिप डिस्क असलेले एक काका आले. यांना पुढे वाकायला लावायचं की नाही? तिला कळेना. शाळेत विचारलं, तर उत्तराऐवजी पुढच्या कोर्सवरच्या सवलतीची ऑफर आली! तिनं काकांना नम्रपणे परत पाठवलं, ते बरंच केलं. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपण शिकणार म्हणजे उद्या कुणाचा तरी मणका आपल्या हातात येणार. ही जबाबदारी पेलायला शिकवणारी शाळा ओळखायची कशी?

वीकएन्डला नगरला घरी गेले (आता अधिकृत नाव अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच) आणि हे सगळं पुराण आजीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाच आधी. योगासाठी जागा कशी बघायची, ते माउलींनी सांगून ठेवलंय. आणि नेवासं काय लांब आहे? जाऊन ये."

आता नगरच्या माणसाला नेवासा म्हणजे संभाजीनगरच्या रस्त्यावरचा एक फाटा. चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. मी पहिल्यांदाच फाट्यावरून आत वळले. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत गाव आलं. प्रवरेचा काठ, मोहिनीराजाचं देखणं देऊळ आणि ज्ञानेश्वर मंदिरातला तो पैस खांब. शिलालेख कोरलेला साधा दगडी खांब. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी श्रद्धा आहे. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सुमारे ९ हजार ओव्या सांगणाऱ्याचं वय परंपरेनुसार पंधरा-सोळा!

मंडपात काही आजीबाई पोथी वाचत बसल्या होत्या. मीही एका कोपऱ्यात बसून आजीनं दिलेली पोथी उघडली आणि थक्क झाले. सहाव्या अध्यायात आसन आहे, बंध आहेत, कुंडलिनी आहे. पण त्याच्याही आधी आहे जागेचं वर्णन. तिथे पाऊल ठेवलं की उठावंसंच वाटू नये. वाटसरूनं परतायचं विसरावं, राजाला राज्य सोडून इथेच बसावंसं वाटावं. गोड फळांची झाडं, पावलोपावली निर्मळ पाणी, सौम्य ऊन, मंद वारा, गडबड कमी. अधूनमधून कोकिळा किंवा मोर आला तर हरकत नाही!

मी मनात म्हटलं, हे तर बालीचंच माहितीपत्रक! पण त्याच यादीत एक अट अशी आहे, जी मला एकाही शाळेच्या पत्रकात दिसली नव्हती. तिथे साधकांची वस्ती असावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वर्दळीनं ती जागा मळलेली नसावी. या सगळ्यानंतर शेवटची कसोटी. तिथे मन स्थिर राहतं का ते बघावं. राहिलं तरच आसन मांडावं. आसनाचा हिशेबही किती बारीक! फार उंच असेल तर अंग डोलेल, फार खाली असेल तर जमिनीचा दोष लागेल.

थोडक्यात काय, आधी बघा, बसा, मग ठरवा. आपण नेमकं उलटं करतो. आधी ॲडव्हान्स भरतो आणि मग विमानातून उतरल्यावर बघतो.

परतीच्या एसटीत मी वहीत प्रश्न काढले. तुम्हीही लिहून घ्या.

एक, इथे साधक राहतात की नुसते पर्यटक? मुख्य शिक्षक स्वतः रोज किती तास शिकवतात? गेली पाच-दहा वर्षं त्यांच्याकडे टिकून शिकणारं कुणी आहे का?

दोन, तासांचा हिशेब. जगभर चालणारा २०० तासांचा आकडा अमेरिकेतल्या योगा अलायन्समुळे रुळला. ही खाजगी संस्था आहे, शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. ते काही सरकारी लायसन्स नव्हे. महिन्यातले २५ दिवस धरले, तर २०० तास म्हणजे रोज आठ तास. त्यात जेवण, सहल आणि मसाज मोजलेत का, ते विचारा! आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या रचनेत २०० तासांवर तुम्ही प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर होता, ४०० वर वेलनेस इन्स्ट्रक्टर. 'टीचर' हा शब्द येतो ८०० तासांवर.

तीन, दुखणाऱ्या माणसाला कसं शिकवायचं, हे प्रत्यक्ष माणसावर शिकवतात का? की एकमेकांच्या लवचीक अंगावरच प्रॅक्टिस?

चार, पैसे भरण्याआधी एका वर्गात बसू देतात का? कोर्स संपल्यावर अडलं तर फोन कोण उचलणार?

हे प्रश्न घेऊन आजूबाजूला बघितलं आणि गंमत वाटली. आपण बालीला निघालोय, आणि जग कधीचं आपल्या दारात येऊन बसलंय! सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटची सुरुवात योगेंद्रजींनी १९१८ साली वर्सोव्यात केली. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलं; आसनांमुळे शरीरात नेमकं काय होतं, हे प्रयोगशाळेत तपासायला त्यांनी तेव्हाच सुरुवात केली. पुण्यात मॉडेल कॉलनीतली बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. तिथे वर्गात बसण्यासाठी परदेशी विद्यार्थी आपापल्या देशात आधी अनेक वर्षं सराव करून येत आले. अय्यंगार पद्धतीत महिन्याभरात शिक्षक होण्याची सोयच नाही. आधी काही वर्षं विद्यार्थी, मग परीक्षा. दोरी, ठोकळा, खुर्ची घेऊन दुखऱ्या पाठीलाही आसन कसं जमवायचं, हा तर त्यांचा हातखंडा. त्र्यंबकेश्वरजवळ योग विद्या गुरुकुल आहे, तिथेही परदेशी पाहुणे शिकायला येतात.

म्हणजे परदेश वाईट का? अजिबात नाही. एखादे शिक्षक तिथेच असतील, तुम्ही त्यांच्याकडे आधी शिकला असाल आणि मन तिथे राहत असेल, तर खुशाल जा. फक्त भातशेतीचा फोटो बघून जाऊ नका.

मी काय ठरवलं? तिन्ही शाळांना हे चार प्रश्न पाठवले. एकीनं मनापासून सविस्तर उत्तरं दिली, दुसरीनं पुन्हा माहितीपत्रक पाठवलं, तिसरी गप्पच. त्यानंतर पुण्यातल्या एका बाईंच्या वर्गात महिनाभर बसले. फरशी साधी, पंख्याचा आवाज येतो, खिडकीतून दिसते समोरची पार्किंग. पण पहिल्या रांगेत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक काकू आहेत आणि बाई त्यांच्यासाठी प्रत्येक आसन वेगळं बसवतात. दीड तासात मला मोबाईल आठवला नाही. म्हटलं, मन राहिलं! आता पुढची दोन वर्षं शनिवार-रविवार तिथेच. नोकरी शाबूत, सेव्हिंगही बरंचसं शाबूत. बालीला सुट्टीत जाईन की, नारळपाणी प्यायला.

कसं जाल? पुण्याहून नगर साधारण १२० किमी, तिथून नेवासा आणखी ६० किमी. संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटीनं नेवासा फाट्यावर उतरायचं, तिथून गावात जायला रिक्षा मिळते. सकाळी लवकर पोहोचा. ऊन कमी असतं, गर्दीही. पैस खांबासमोर अर्धा तास नुसते बसा, आणि फोन बॅगेतच राहू द्या.