करमत नाही

आश्रमशाळेवर अधीक्षक म्हणून नवा लागलो होतो. पहिल्याच पावसात एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, मला करमत नाही." मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं त्याचं नाव 'करमणूक', हे मला पाठ. करमत नाही म्हणजे पोराला करमणूक हवी, एवढा सरळ हिशेब. घोटीच्या बाजारातून कॅरम आणला, रविवारी टीव्ही लावायला लागलो. मुलगा कॅरम खेळायचा, नेमही चांगला होता. आणि जुलैत एका पहाटे पळून गेला.

आम्ही घोटीचं एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन पालथं घातलं. तो केव्हाच वैतरणेकडच्या आपल्या पाड्यावर चालत पोचला होता आणि आईशेजारी वाकून भाताची आवणी करत होता. परत येऊन मी नोंदवहीत लिहिलं, 'अभ्यासात गोडी नाही.' वर्गात तो पुढे होता, हे मला माहीत असूनही लिहिलं. कागदावर काहीतरी कारण लागतं, आणि 'करमत नाही' हे कारण म्हणून लिहायची मला लाज वाटली.

इकडचं वेळापत्रकच असं आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हाच पाऊस लागतो. इगतपुरी तालुक्याचा पाऊस म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. राबातली रोपं उपटून खाचरात लावायची घाई, घरचं लहानथोर माणूस चिखलात, गावभर हाका आणि हसणं. नेमक्या त्या दिवसांत पोराला पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी कॉटवर झोपवायचं. शिकायचं तर दुसरी सोय नाही, हेही खरं. आश्रमशाळा नसत्या तर यातली बरीच पोरं गुरांमागेच राहिली असती. म्हणून मी त्या व्यवस्थेला नावं ठेवत नाही, माझ्या कानाला ठेवतो.

पुढची चूक याहून मोठी. भेटून गेलं की मुलं जास्त रडतात, म्हणून आईबापांच्या भेटी महिनाभर बंद केल्या. त्या काळात एका मुलीची आई मला बाजाराच्या दिवशी गाठून विचारायला लागली, "गुरुजी, पोरीला करमतंय ना?" मी सांगितलं, गणितात बरी आहे. बाईने ऐकून घेतलं न घेतलं, पुन्हा तेच, "ते हाय, पण करमतंय ना?" मी म्हटलं, जेवते व्यवस्थित. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

नव्या नवरीला माहेरची माणसं हेच विचारतात. तिथे कुणी टीव्ही आहे का, असं विचारत नाही. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या आठवड्यात फोनवर बायकोला हाच शब्द वापरला होता, तेव्हा मला कॅरम नको होता.

1688 साली बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरासाठी अशा झुरण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला आजार ठरवलं. त्यात बर्नहून शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. तो अगदी खंगला होता आणि त्याला घराकडे न्यायला निघाले तेव्हा वाटेतच सुधारू लागला. आजार म्हणणं मला पटत नाही, पण निदान होफरने त्याला आळस तरी म्हटलं नाही.

एकदा प्रार्थनेच्या रांगेत मी विचारलंही होतं, "कुणाकुणाला करमत नाही? हात वर करा." एकही हात वर आला नाही. असं चारचौघांत विचारायचं नसतं, हे पहिलीतल्या पोरांना कळत होतं.

नंतर मी भेटी सुरू केल्या, एका पाड्याची मुलं एका खोलीत ठेवली, बहिणी-बहिणींच्या कॉट शेजारी लावल्या. आवणीला दोन दिवस घरी जायची चिठ्ठीही देऊ लागलो, नियमात बसत नव्हतं तरी. पळणं कमी झालं. थांबलं नाही. चिठ्ठीवर गेलेली काही पोरं पोळ्यापर्यंत परतायची नाहीत, आणि त्यांची हजेरी कशी लावायची हा वाद मुख्याध्यापकांशी माझ्या बदलीपर्यंत चालू राहिला.