दोषाचा ठाव

बिघाड, दोष, खोट आणि चूक हे चार शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा एक नाहीत. बिघाड समोर दिसतो, दोष शोधावा लागतो. खोट वस्तूत असते, चूक माणसाच्या हातून होते. यंत्र बंद पडले की माणूस बिघाड पाहतो आणि लगोलग चूक कोणाची हे ठरवून मोकळा होतो. मधली दोन घरे ओलांडण्याची त्याला घाई असते. ही घाई यंत्रापुरती राहती तर फारसे बिघडले नसते. तिचा भार पुष्कळदा एखाद्या निरपराध माणसावर पडतो, आणि म्हणून दोषाचा ठाव कसा घ्यावा हा प्रश्न तांत्रिक असतो तितकाच नैतिकही असतो.

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर आग्नेयेस राजा पार्क ही वस्ती आहे. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी तिला आकार दिला; आज गुरुद्वारा, कापडाची दुकाने, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि संध्याकाळची खाण्यापिण्याची गर्दी ही तिची ओळख आहे. अशा एका गल्लीत वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून नातवाने खेळांसाठी संगणक जुळवला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड त्याने नवे घेतले. पैसे संपत आल्यामुळे वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र गल्लीतल्याच एका मित्राकडून जुना विकत घेतला. संगणक सुरू झाला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी तो बंद पडू लागला.

बंद पडण्याची रीत विलक्षण होती. मोठा खेळ सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली की पडदा काळा होई, पंखे थांबत आणि क्षणभराने यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होई. यंत्राच्या नोंदवहीत एकच ओळ सापडे: मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ही साक्ष खरी होती, पण निरुपयोगी. मृत्यू झाला एवढेच ती सांगत होती, मृत्यूचे कारण नव्हे. नातवाने पहिल्याच रात्री रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोके रबराने पुसली, प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप बदलला, ग्राफिक्सची प्रणाली नव्याने बसवली आणि कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवली. दोन दिवस संगणक सुरळीत चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पडदा काळा झाला. आणि हे दोन दिवस नेमके कशामुळे लाभले, हे सांगण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती उरले नव्हते.

आजोबांना संगणकाच्या अंतरंगाची माहिती नव्हती. परंतु न जुळणाऱ्या हिशेबाची होती. खातेवह्या हाताने लिहिल्या जात त्या काळात ताळा जमेना म्हणजे रात्री बँकेतच जात. त्या रात्रींनी काही युक्त्या शिकवल्या होत्या. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर कोणी तरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याचा संभव मोठा. 540 च्या जागी 450 लिहिले की फरक 90 पडतो. फरक दोनने विभागून येणारी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली, तर जमेची नोंद नावे पडली का ते पाहावे. म्हणजे चुकीलाही स्वतःची चाल असते, आणि ती चाल ओळखता आली तर पाने उलटण्याचे श्रम वाचतात. “एकदम चार नोंदी खोडल्यास,” ते नातवाला म्हणाले, “तर कोणती चुकली होती हे तुला कसं कळणार? एका वेळी एकच बदल कर. आणि लिहून ठेव.”

एक वही आली. वेळ, खोलीचे तापमान, कोणता खेळ, काय बदलले, काय घडले असे पाच रकाने आखले गेले. या साध्या वहीमागे जी विचारपद्धती होती तिला भारतीय तर्कपरंपरेत अन्वय-व्यतिरेक असे नाव आहे: कारण असता कार्य असते, हा अन्वय, कारण नसता कार्य नसते, हा व्यतिरेक. पहिल्यावर संतुष्ट होणारे पुष्कळ असतात. दुसऱ्यापर्यंत थोडेच जातात.

पहिला संशय साहजिकच उन्हाळ्यावर होता. परंतु बाहेर बेचाळीस अंश असताना दुपारी हलका खेळ तीन तास चालला. उलट रात्री अकराला, कूलर सुरू असताना आणि कार्डाचे तापमान मर्यादेच्या पुष्कळ खाली असताना यंत्र बंद पडले. उष्णता सुटली. रॅमची तपासणी रात्रभर चालली. एकही दोष निघाला नाही. अशा तपासणीने पूर्ण निर्दोषत्व सिद्ध होत नाही, पण संशयाची दिशा बदलते. गल्लीतल्या विजेचा दाब संध्याकाळी उतरतो म्हणून पहाटे प्रयोग झाला, फळ तेच. मग नातवाने कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा 70 टक्क्यांवर आणली. चार दिवस यंत्र एकदाही थांबले नाही. मर्यादा उठवली आणि अर्ध्या तासात पडदा काळा झाला. दोष भाराशी निगडित आहे, एवढे ठरले.

आता संशयित दोनच उरले: भार मागणारे कार्ड आणि तो पुरवणारा एसएमपीएस. कार्ड नवे, एसएमपीएस जुना. शिवाय तो विकणारा मित्र चार घरांवर. नातू रागाने जिना उतरू लागला तेव्हा आजोबांनी त्याला थांबवले. “जुना आहे म्हणून तो दोषी, हा पुरावा नव्हे.” या क्षणी पणाला लागला होता तो संगणक नव्हता. लहानपणापासूनची मैत्री एका अनुमानाच्या बळावर मोडायला निघाली होती, आणि त्या अनुमानाचा अर्धा भाग अजून तपासायचा होता.

वर्गातल्या एका मुलाकडून अधिक क्षमतेचा एसएमपीएस उसना आणला. पाच दिवस पूर्ण भारावर यंत्र चालले. नातवाच्या मते निकाल लागला होता. आजोबांच्या मते अर्धाच. त्यांनी जुना एसएमपीएस पुन्हा लावायला सांगितला. चालते यंत्र जाणूनबुजून बिघडवण्याची ही सूचना नातवाला जिवावर आली. पण त्याने ती पाळली, आणि त्याच संध्याकाळी यंत्र बंद पडले. शेवटी तोच एसएमपीएस मित्राच्या संगणकात बसवला गेला. तिथे तो पूर्वी दोन वर्षे चालला होता तसाच निर्वेध चालला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरासरीने जेवढी वीज घेते, त्याच्या सुमारे दुपटीपर्यंत ते एखाद्या सेकंदाच्या सहस्रांशापुरते झेपावते. डब्यावर छापलेल्या क्षमतेशी सरासरीची बेरीज जुळते. पण त्या झेपेला जुना एसएमपीएस धोका समजतो आणि स्वतःसह सगळे वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. 2022 साली आलेल्या एटीएक्स 3.0 या मानकाने म्हणूनच अशा कार्डांसाठीच्या पुरवठायंत्राने दुप्पट भार शंभर मायक्रोसेकंद पेलावा अशी अपेक्षा नोंदवली. म्हणजे मित्राने खोटा माल दिला नव्हता आणि दुकानदारानेही नाही. खोट दोहोंपैकी एकाही वस्तूत नव्हती. दोष त्यांच्या जोडीत होता. शब्द शुद्ध असून वाक्यात चुकीचा पडावा, तसे हे होते.

यंत्राच्या तोंडी साक्षीवर विसंबता येत नाही, याचा अनुभव जगालाही आला आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांवर खेळ कोसळत, आणि पडद्यावर सूचना येई की ग्राफिक्सची स्मृती अपुरी पडली. अनेकांनी कार्डे बदलली. 2024 साली कंपनीनेच मान्य केले की मूळ प्रोसेसरकडून मागितल्या जाणाऱ्या वाजवीपेक्षा अधिक विद्युतदाबात आहे. सुधारित सूक्ष्मसंकेत दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आरोप ज्याच्यावर होता तो निर्दोष, आणि ज्याच्यावर कोणाची नजर नव्हती तो दोषी.

ज्या शहरात हे घडले, त्या शहराचा संस्थापक याच विवंचनेत वर्षे घालवून बसला होता. सवाई जयसिंहाने 1727 मध्ये जयपूर वसवले. त्याच्या आधी त्याने पितळी वेधयंत्रे वापरून पाहिली. पण गणित आणि आकाश जुळेनात. आकाशाला किंवा गणितज्ञांना दोष न देता त्याने यंत्रे तपासली: आस झिजतात, केंद्रे सरकतात, प्रतले हलतात. मग त्याने चुना आणि दगडाची अचल यंत्रे उभारली. एका जागेच्या वेधाला दुसऱ्या जागेचा पडताळा असावा म्हणून दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथे वेधशाळा झाल्या. फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके मागवली तेव्हा ती युरोपची म्हणून त्याने शिरोधार्य मानली नाहीत. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत त्याने दाखवून दिली. त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताला परंपरा महाराष्ट्रीय मानते. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने त्यानेच संस्कृतात आणली. सिद्धतेवाचून विधान स्वीकारू नये, हा त्या ग्रंथाचा धडा जयपूरच्या दरबारात मराठी मुलखाच्या माणसाने पोचवला, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

आणि महाराष्ट्रातही हा विवेक नवा नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर अपपाठांनी भरलेल्या प्रती होत्या. मूळ ओवी कोणती आणि हातांतून हातांत जाताना शिरलेली कोणती, हे निवडणे त्यांच्या वाट्याला आले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी सुधारले ते भ्रष्ट झालेलेच. सिद्ध झाले तेवढेच बदलायचे, हा संयम प्रतिभेहून दुर्मीळ आहे.

राजा पार्कातल्या त्या मित्राने एसएमपीएस परत घेतला आणि पैसे आपण होऊन देऊ केले. नातवाने निम्मेच घेतले. काय घडले ते त्याने मित्राला वही दाखवून सांगितले, आणि त्या दिवशी तो रागाने जिना उतरू लागला होता हेही सांगितले. हे दुसरे सांगितले नसते तरी संगणक चाललाच असता.